न पडणारा मांडव

वेल्डिंगच्या दुकानात मी एका पाईपवर हातोडी मारून बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा?"

मी दचकले. हल्ली कशानेही दचकायचे. मागे वेल्डर उभा होता. बाहीवर ठिणग्यांची बारीक भोकं, डोळ्यांत हसू...

"शाळेच्या बागेत वेलींसाठी मांडव हवाय," मी म्हटलं. "न पडणारा."

माझा आवाज कापला असावा. त्याचं हसू मावळलं. मग मी सांगूनच टाकलं. आधीचा बांबूचा मांडव मीच घालून घेतला होता. मातीतली टोकं कुजलेली मला दिसलीच नाहीत. भर मधल्या सुट्टीत तो कोसळला आणि दुसरीतल्या एका मुलीचा हात मोडला. हात जुळून आला, पण मी अजून बागेत जायचं टाळत होते.

"सागवान घेऊ?" मी विचारलं.

"मातीत गेलं की तेही कधीतरी कुजणार. साधं लोखंड गंजेल. हा जीआय पाईप घ्या, वर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगपाशी तो जळतो, तिथे जस्ताचा रंग मी स्वतः देईन. पाया काँक्रीटचा, वेलींना स्टीलची तार."

"टिकेल ना?"

"दर वर्षी येऊन बघून जाईन."

"दर वर्षी?"

"तुम्ही म्हणालात तर... दर आठवड्याला."

माझे कान तापले.

मांडव उभा राहिला, तरी मी त्याभोवती दोरी बांधून ठेवली. मुलांना आत बंदी. तो मात्र शाळा सुटल्यावर रोज काहीतरी निमित्त काढून यायचा आणि तारांचे बोल्ट पिळायचा.

"या ना आत."

"नको..."

तो आग्रह न करता पुढचा बोल्ट पिळायचा.

एका शनिवारी शाळा सुटली आणि आभाळ काळवंडलं. वारा असा सुटला, की मैदानावरून एक पत्रा उडत गेला. मी बागेकडे पाहिलं — तो मांडवाखाली खांब धरून उभा!

"बाहेर या!"

"हलतोय का बघतोय!"

"वेड लागलंय का? बाहेर या म्हणते ना!"

कडाड् आवाज झाला. शेजारच्या झाडाची फांदी थेट मांडवावर आली. पानांआड तो दिसेनासा झाला. मी धावले. दोरी कधी ओलांडली, कळलंच नाही. त्याचा शर्ट हाताला लागला, तो मी मुठीत धरला. वर फांदी पाईपांवर आडवी पडली होती. मांडव जागचा हललासुद्धा नव्हता.

"लागलं?"

"नाही. बाई... तुम्ही आत आलात."

"तुम्हाला काही झालं असतं तर मी—"

"तर?"

"कळत नाही का तुम्हाला?"

"कळतं," तो म्हणाला. शर्ट धरलेली माझी मूठ त्याने हातात घेतली. "पण मलाही भीती वाटते. रोज बोलायचं ठरवून यायचो आणि बोल्ट पिळून परत जायचो."

"मला अजून वाटतेय. वाऱ्याची, मांडवाची... सगळ्यात जास्त तुमची. पण हात सोडू नका."

त्याने सोडला नाही.

सोमवारी मी दोरी सोडली आणि दुसरीचा वर्ग मांडवाखाली बसवला. मुलांच्या शेवटच्या रांगेत, गुडघे कसेबसे दुमडून, वेल्डर बसला होता.