गीताबाईचं कापरं

ज्याचा हात कापतो त्या माणसाला चहा अर्धाच कप द्यायचा असतो, हे दर्शनाला कुणी शिकवायला नको होतं. ती आसनगावची. तिच्या आजीला जन्मभर अर्धाच कप मिळाला. पुढं मुंबईत एका संशोधन संस्थेत मेंदूचा अभ्यास करायला लागल्यावर तिला कापऱ्याचं कारण कळलं. मेंदूच्या आत खोल एक पेशींचा पुंजका भलताच ठेका धरून बसतो आणि बिचारा हात त्या ठेक्यावर नाचतो. तिथं केसासारखी तार सोडायची, गळ्याच्या हाडाखाली बॅटरी बसवायची, बारीक वीज द्यायची. ठेका मोडला की हात थांबतो. सांगायला इतकं सोपं. करायला तिची बारा वर्षं गेली होती.

तिच्या अभ्यासात एक भाऊबहीण होते. बहीण गीताबाई, चौसष्ट वर्षांची, शहापूरहून तानशाकडे जाताना लागणाऱ्या एका गावात दिलेली. भाऊ भगीरथ, तिच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा, मुरबाडच्या पलीकडे बापाच्याच घरात राहणारा. कापरं दोघांना बापाकडून आलं होतं, जमीन मात्र एकट्या भगीरथला, असं गीताबाईच हसून सांगायची. दोघांची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली. पहिले आठ आठवडे एकाचं यंत्र चालू आणि दुसऱ्याचं बंद, मग उलट, मग दोघांची कायमची चालू, असा नियम होता. चिठ्ठी टाकली, पहिली पाळी बहिणीची निघाली. दोघांच्या मनगटांवर घड्याळासारखा पट्टा होता. हाताची थरथर मोजून तो ती दर्शनाच्या लॅपटॉपवर पाठवायचा.

गीताबाईचं मागणं एवढंसं होतं. "भाऊबीजंला ताट माझ्या हातात धरायचंय गो. नऊ वर्सं सून धरते ताट, आणि मी नुसता तिच्या हाताला हात लावते. ही काय ओवाळणी झाली?"

गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, दर्शनानं गीताबाईच्या ओटीवर बसून यंत्र चालू केलं. पाच मिनिटांत हात निवला. सुनेनं काठोकाठ भरलेला कप दिला, तो गीताबाईनं एक थेंब न सांडता संपवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं.

मग गीताबाईनं हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कुठं धाडलंस?"

"काय?"

"कापरं गो. आमी रोग शिवेवर नेऊन ठेवतो ना, तवा त्याला वाट सांगतो. बाबा, अमक्या वाटंनं जा, माघारी येऊ नको. वाट नाय सांगितली तर तो जवळचंच घर बघतो."

"मावशी, ते कुठं जात नाही. थांबतं फक्त," दर्शना हसली. लहान पोराची समजूत घालावी तशी ती बोलली होती. पुढं या हसण्याची तिला फार लाज वाटली.

संध्याकाळी लॅपटॉप उघडला तर भगीरथच्या हाताचा आलेख उसळलेला. सकाळपर्यंत नेहमीसारखा होता, अकरा वीसपासून दुप्पट. तिनं फोन लावला.

"मामा, सकाळी काही जड उचललंत का?"

"नाय बा. बसलो होतो. कप पडला हातातून, एवढंच."

दर्शनानं नोंदवहीत लिहिलं, 'पट्टा सैल.' असं होतं कधी कधी.

पंधरा दिवसांनी तपासणी आली. तपासणीत यंत्र अर्धा तास बंद ठेवायचं असतं. बंद केलं, पाच मिनिटांत गीताबाईचा हात कापायला लागला आणि तिकडं भगीरथचा आलेख निम्म्यावर उतरला. चालू केलं, हिचा हात थांबला, त्याचा चढला. तिनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मधे तीसेक किलोमीटरचं अंतर, भातसा आणि काळू अशा दोन नद्या. भगीरथला तर तपासणी आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. जशी माणसाची चाल तशी कापऱ्याची. गीताबाईचं कापरं लंगडं होतं. नऊ ठोके सारखे, दहावा गाळलेला. नऊ, आणि खंड. दोन वर्षं दर्शना तो ठेका बघत होती, तिच्या झोपेतही तो वाजायचा. भगीरथच्या हातात तो कधीच नव्हता. आता त्याच्या आलेखात दोन थरथरी एकावर एक बसलेल्या दिसत होत्या, आणि वरची लंगडत होती.

तिनं कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. संस्थेतल्या बैठकीत उभं राहून काय सांगणार, की बहिणीचं कापरं भावाकडं राहायला गेलं? गीताबाईचे आकडे सगळ्यांत चांगले होते आणि साहेबांनी दर्शनाची पाठ थोपटली होती. त्याही दिवशी तिनं लिहिलं, 'पट्टा सैल.' अक्षर तिचं नेहमी वळणदार, त्या दिवशीही वळणदारच आलं.

भाऊबीजेला दोघांनी तिला आग्रहानं मुरबाडकडच्या घरी बोलावलं. भगीरथ पाटावर बसला. गीताबाईनं ताट उचललं. ताटातली निरांजनं जागच्या जागी तेवत होती. तीनदा ताट फिरलं. भगीरथची सून कुणाली पदरानं डोळे टिपत होती.

मग भगीरथनं ताटात साडी ठेवायला हात पुढं केला. हात असा उडत होता की साडी खाली पडली आणि बोटं ताटाच्या काठावर वाजायला लागली. टकटक टकटक. गीताबाईनं ताट खाली ठेवलं, भावाचं मनगट धरलं आणि वैद्यानं नाडी बघावी तशी मान खाली घालून बसली. मनातल्या मनात ठोके मोजत.

"हे माझं हाय," ती म्हणाली.

"काय गो ताई?" भगीरथनं विचारलं.

ती उठली. दर्शनाला तिनं परसात नेलं.

"बंद कर माझं. आत्ताच्या आत्ता."

"मावशी, नऊ दिवस राहिलेत. मग मामांचं चालू होईल."

"आणि मग त्याचं नि माझं, दोनी कुठं जातील?"

दर्शना खांद्यावरच्या पिशवीचा बंद सारखा करायला लागली.

"भावाच्या पानात माझं उष्टं वाढलंस तू," गीताबाई म्हणाली. "माझं मला परत दे. मला सवय हाय त्याची."

पिशवीत यंत्र चालूबंद करायचा टॅब होता. एक बटण दाबायचं होतं. पण मधेच बंद केलं तर गीताबाईचे आठही आठवडे अभ्यासातून बाद होणार होते, आणि का बंद केलं हे कागदावर लिहावं लागणार होतं. "नऊच दिवस, मावशी," दर्शना म्हणाली. गीताबाईनं तिच्याकडं बघितलं आणि पदर खोचून ती आत गेली.

पाचव्या दिवशी कुणालीचा फोन आला. झोडलेल्या भातावर टाकायला ताडपत्री हवी होती, ती काढायला भगीरथ माळ्यावर चढला. उतरताना शिडीच्या पायरीवरून हात सुटला. पडला तिथंच गेला.

दर्शना तिसऱ्या दिवशी पोचली. माणसं राख सावडून नुकतीच आली होती. शिडीखाली, जिथं जीव गेला तिथं, तांदळाचं पीठ पसरून शेजारी दिवा लावला होता आणि वर टोपली पालथी घातली होती. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते पिठावर उमटतं म्हणतात. कुणाला पाखराचा पाय दिसतो, कुणाला गाईचा खूर.

भावकीतल्या म्हाताऱ्यानं टोपली उचलली. सगळे वाकले.

"पाय नाय, खूर नाय. ह्या रेघा कसल्या?"

"वाळवी फिरली असंल."

दर्शना गुडघ्यांवर बसली. पिठात बारीक उभ्या रेघा होत्या, फणीच्या दातांसारख्या, ओळीनं. तिनं मोजल्या. नऊ, आणि मोकळी जागा. नऊ, आणि मोकळी जागा. चार ओळी तशाच. पाचवी ओळ वळून उंबऱ्याकडं गेली होती आणि पीठ संपलं तिथं थांबली होती.

"काय उमटलंय, बाय?" भिंतीशी बसलेल्या गीताबाईनं विचारलं. माणसं दर्शनाच्या तोंडाकडं बघायला लागली. शिकलेली ती एकटीच.

"काही नाही, मावशी," ती म्हणाली. "पीठ सैल होतं."

मग ती गीताबाईजवळ गेली, टॅब काढला आणि तिचं यंत्र बंद केलं. आठ दिवस उशिरा.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. गीताबाईनं दोन्ही हात समोर धरले होते, वाट बघत. अर्धा तास झाला. बोट हललं नाही.

"नेलं त्यानं," ती म्हणाली. "माझं बी नेलं." आणि ती रडायला लागली. दर्शनाला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण ते धाडस झालं नाही.

डोळे पुसून गीताबाईनं म्हाताऱ्याला विचारलं, "वाट सांगितली काय रे कुणी? शिवेवर?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. रोगानं गेलेल्याचं ते करतात, पडून गेलेल्याचं कोण करतो?

शेजारणीनं किटलीतून चहा आणला होता. कुणाली कप भरत होती. गीताबाईला तिनं काठोकाठ भरून दिला. म्हाताऱ्यालाही भरून दिला.

दर्शनानं हात पुढं केला. कुणालीनं त्या हाताकडं एकदा बघितलं, आणि अर्धाच कप ओतला.