जड पाण्यातलं शेवाळ

लिफ्टचं दार मिटता मिटता आधी एक पाय आत आला, मग माणूस. तिच्या ट्रेमधल्या काचेच्या कुप्या किणकिणल्या.

"जरा सांभाळून. जड पाणी आहे."

"मग द्या की, मी उचलतो," तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

ती हसणार नव्हती, पण हसली. तळमजल्यावर अणूंचं वजन करणाऱ्या यंत्रावर नवा माणूस आलाय, हे तिनं ऐकलं होतं. प्रयोगशाळेतल्या मुलींनी त्याचं 'वजनकाटे' असं नावही ठेवून टाकलं होतं. त्याचे डोळे असे हसरे आहेत, हे मात्र एकीनंही सांगितलं नव्हतं.

मग काही ना काही निमित्त काढून तो वर येऊ लागला. शेवाळ बघायला, म्हणे! ती सांगायची, हे पाणी दिसायला साधंच, पण यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा. पेशींमधली एन्झाइम्स त्याला हात घालतात आणि मेटाकुटीला येतात. एरवी चुटकीसरशी तुटणारा बंध तुटता तुटत नाही. सगळं जगणंच संथ होतं.

"आणि तरी जगतात?"

"जगतात. जड पाणी थोडं थोडं वाढवत नेलं, की सवय करून घेतात बिचाऱ्या."

त्याच्या नजरेत तेव्हा कौतुक दाटून यायचं. ते शेवाळाचं की आपलं, हे विचारायचा धीर तिला कधी झाला नाही.

आणि नवल घडलं. तिचं शेवाळ जड पाण्यातही साध्या पाण्यातल्यासारखं भराभर वाढू लागलं. वर्षभराच्या मेहनतीचं चीज झालं. शुक्रवारी ती हे सगळ्या संस्थेपुढे मांडणार होती. शेवटची खात्री म्हणून तिनं कुप्यांतलं पाणी खाली मोजायला पाठवलं.

आकडे घेऊन तो स्वतःच आला आणि दारातच घुटमळला.

"तुमचं पाणी... हलकं झालंय. बरंच. म्हणून शेवाळ जोरात आहे." त्यानं मान खाली घातली. "पुन्हा पुन्हा मोजलं मी. माझंच चुकलं असेल, अशी आशा होती."

तो गप्प बसला असता, तर शुक्रवारी टाळ्या पडल्या असत्या. पण त्याला ते जमलं नव्हतं, आणि डोळे भरून आले असतानाही तिला त्याचा फार आदर वाटला.

"हवेतली ओल, म्हणजे साधं पाणी, शिरलं असणार," तो हळूच म्हणाला. "झाकण किती वेळ उघडं असतं?"

"नमुना काढण्यापुरतं."

"तेवढ्यानं इतकं होत नाही."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मी... बोलते शेवाळाशी. रोज. झाकण काढून, अगदी जवळ जाऊन."

"श्वासाची वाफ," तो पुटपुटला. "पण रोज एवढं बोलता तरी काय?"

काहीतरी थाप मारता आली असती. पण हा माणूस एवढं कडू खरं घेऊन जिने चढून आला होता; त्याच्यापुढे तिची जीभ रेटेना.

"तुमच्याबद्दल," ती म्हणाली.

भिंतीवर तिनं वाढीचा आलेख लावला होता, तिकडे तो बघत राहिला. वर्षभर जमिनीला चिकटून सरपटणारी हिरवी रेघ तो रुजू झाला त्याच आठवड्यापासून वर चढली होती.

"म्हणजे तुमचा प्रयोग मीच बिघडवला," तो म्हणाला.

"शुक्रवारी सांगेन मी... पाणी हलकं झालं म्हणून."

"कशानं झालं, तेही?"

"ते नाही." ती ओल्या डोळ्यांनीच हसली. "आता पहिल्यापासून सुरुवात. झाकण घट्ट लावून. पण मग मी बोलायचं कुणाशी?"

त्यानं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला... अगदी जवळ.

"मला सांग," तो म्हणाला.