वारा नसताना वाजणारा शिंपला

"हलू नकोस! श्वाससुद्धा घेऊ नकोस!" झिपरी ओरडली.

"श्वास न घेता फुगे कसे सोडू, तूच सांग!" असं म्हणत भोपळ्याने साबणाच्या पाण्यात नळी बुडवली आणि गाल फुगवून फुंकर मारली.

भराभर फुगे निघाले. मोठ्या झाडाखाली ते क्षणभर तरंगले आणि सरळ खाली उतरून गवतावर फुटले. दोरीवरची दुपटी ढिम्म होती. तरीही फांदीला टांगलेला विंड चाइम किणकिण किणकिण वाजतच होता!

"बघितलंत? वाऱ्याचा पत्ता नाही!" झिपरी म्हणाली.

तो विंड चाइम तिचा फार लाडका. नारिंगी-निळा, ताटलीएवढा पत्र्याचा शिंपला आणि त्याखाली लोंबणारे काचेचे चिमुकले शिंपले. मागच्या सुट्टीत तिनेच तो मावशीच्या बागेसाठी निवडला होता. मावशीचं घरातच पाळणाघर होतं. जेवणं झाली की सगळी चिल्लीपिल्ली या झाडाच्या सावलीत चटयांवर झोपायची. पण हल्ली भर दुपारी शिंपला अचानक वाजायचा, एक पिल्लू जागं व्हायचं आणि मग सगळ्यांचा कोरस सुरू! "तो शिंपला काढून माळ्यावर टाकते बघ," असं मावशीने सकाळीच बजावलं होतं.

"म्हणजे भूत!" भोपळ्या खूश झाला. तो मावशीचा मुलगा, आणि भूत निघालं तर ते आपल्याच घरात निघावं अशी त्याची फार इच्छा होती.

"गप रे! ऐका जरा," झिपरीचा धाकटा भाऊ चष्म्या म्हणाला. तो भिंतीला कान लावून उभा होता. पलीकडच्या जागेत इमारतीचं काम चाललं होतं. खोदायचं यंत्र दिवसभर घरघरायचं, त्यामुळे आता तिकडे कुणाचं लक्षही जात नसे. "यंत्राचा आवाज बदलतो, कुंथल्यासारखा होतो. आणि लगेच शिंपला वाजतो!"

तिघांनी कान टवकारले. घर्रर्र... घर्रर्र... हूंऽऽ! किणकिण! पुन्हा हूंऽऽ! पुन्हा किणकिण!

झिपरी पाण्याच्या टाकीवर चढली. भिंतीपलीकडे उंच पत्रे लावलेले होते, पण दोन पत्र्यांमध्ये बोटभर फट होती. तिने डोळा लावला. खड्डा थेट भिंतीच्या पायथ्याशी येऊन भिडला होता. मातीतून झाडाची जाडजाड मुळं बाहेर लोंबत होती, तुटलेल्या दोरखंडांसारखी. यंत्राने एका मुळाला हिसका दिला आणि तिच्या डोक्यावर अख्खं झाड थरथरलं.

ती धडपडत खाली उतरली. "चटया आत न्या आधी! आज इथे कुणी झोपायचं नाही!"

मावशी आत पिल्लांना भरवत होती. तिने भरवता भरवताच ऐकलं आणि भिंतीवरून ठेकेदाराला हाक मारली.

"अहो ताई, काळजी कसली करता?" पलीकडून आवाज आला. "आम्ही भिंतीपासून चांगलं लांब खणतोय. झाड वाऱ्याने हलतं हो!"

"ऐकलंत ना?" मावशी म्हणाली. "ते रोज हेच काम करतात. त्यांना नाही का कळत?" पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

झिपरीचा चेहरा पडला. मग एकदम उजळला. ती चष्म्याच्या कानात पुटपुटली आणि चष्म्या खुदकन हसला.

"मावशी, त्या काकांना सरबत प्यायला बोलाव ना! इतक्या उन्हात काम करतात बिचारे!"

ठेकेदारकाका घाम पुसत आले. भोपळ्याने झाडाच्या बुंध्याशी ऐसपैस खुर्ची मांडली होती.

"बसा ना काका, मस्त सावली आहे!"

काकांनी वर पाहिलं, घसा खाकरला आणि खुर्ची उचलून दूर, भर उन्हात नेऊन ठेवली. "मला ऊनच बरं वाटतं," असं म्हणत ते बसले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटपू लागला.

चष्म्याने ग्लास आणून झाडाखालच्या स्टुलावर ठेवला. "काका, सरबत इथे आहे!"

"इकडेच दे की बाळ..."

"या ना घ्यायला!"

काका जागचे हलेनात. तेवढ्यात पलीकडे यंत्र कुंथलं, शिंपला किणकिणला, आणि काका ताडकन उठून थेट फाटकापाशी पोचले!

"काका, पळता कशाला?" झिपरीने विचारलं. "वाराच आहे ना?"

मावशीने काकांकडे पाहिलं, मग रोज चटया अंथरायच्या त्या जागेकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "माझी पोरं झोपतात इथे!" ती एवढंच म्हणाली, पण अशा आवाजात, की काकांची मान खाली गेली.

"चुकलं, ताई. काम लवकर उरकायचं होतं. वाटलं, थोडी मुळं तुटली तर काय होतंय..."

मावशीने तिथल्या तिथे कामाच्या इंजिनिअरबाईंना फोन लावला. त्या आल्या, मुलांकडून फुग्यांपासून सगळं ऐकून, पत्रा सरकवून खड्ड्यात उतरल्या, आणि त्यांनी काकांना असं झापलं की यंत्राचा ड्रायव्हरसुद्धा यंत्र बंद करून सावरून बसला! झाडाला भक्कम टेकू लागले. वरच्या जड फांद्या छाटायचं ठरलं. उघडी मुळं ताबडतोब मातीने झाकायची होती.

"मी इथे रोज येते," इंजिनिअरबाई तिघांना म्हणाल्या, "पण या कोपऱ्यात काही मी डोकावले नाही. एखाद्या वादळात हे झाड घरावर आलं असतं. शाबास रे पोरांनो! फुग्यांची युक्ती कुणाची?"

"माझी!" तिघंही एकदम म्हणाले.

मावशीने झिपरीला जवळ ओढलं. "मी तुझं अर्धंच ऐकलं गं. यापुढे पूर्ण ऐकेन."

"चला, माती टाकायला मदत कोण करणार?" ड्रायव्हरने विचारलं. भोपळ्या आणि चष्म्या धावले, पण इंजिनिअरबाईंनी पहिला मान झिपरीला दिला. ती यंत्रात ड्रायव्हरशेजारी बसली. त्याने तिचा हात दांड्यावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. यंत्राचं मातीने भरलेलं सुपडं मुळांवर आलं.

"हळू गं!" भिंतीवरून मावशी म्हणाली. "पिल्लावर पांघरूण घालतेस तसं!"

झिपरीने दांडा अलगद झुकवला. भुसभुशीत माती सरसरत खाली आली आणि मुळं हळूहळू झाकली गेली.