तेजकवचचा बेचाळिसावा अंक

बालमित्र दत्ताचा दहावा नेमका रविवारी आला, त्यामुळे विश्वजीतला कंपनीत रजा मागावी लागली नाही. शिक्रापूरच्या चौकातल्या ट्रकांमधून कशीबशी मोटारसायकल बाहेर काढली आणि नऊच्या आत तो मांडवगण फराट्याला नदीच्या घाटावर पोचला. खिशातली पांढरी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि मागे जाऊन बसला. नमस्कार करायचा, दत्ताच्या आईला, गिताबाईंना भेटायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी परत, एवढंच त्या दिवसाचं काम होतं.

घाटावर श्रद्धांजलीची भाषणं चालू होती. आपल्याकडे माणूस गेला, की त्याला उभ्या आयुष्यात कधी चहाही न पाजलेला माणूस सगळ्यात लांब बोलतो. साखर कारखान्याचे एक माजी संचालक दत्ताला 'दादासाहेब' म्हणत होते. दत्ताला जिवंतपणी कुणी 'दत्ता'च्या पुढे काही म्हटलं नव्हतं. उसाला पाणी धरताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो बांधावरच गेला. लग्न केलेलं नव्हतं. घरात तो आणि आई, दोघंच. आता गिताबाई एकट्या.

भाषणं संपली आणि पिंड ठेवले, पण कावळा काही शिवेना.

पलीकडे दौंडच्या बाजूला झाडावर सात-आठ कावळे बसले होते. एकही इकडे फिरकेना. चुलतभाऊ विक्रम हात जोडून म्हणाला, "दत्ता, काकूला आमी संभाळतो. काळजी सोड." कावळा हलला नाही. गावातले सावळाराम आबा पुढे झाले, "तुझी गाय इकणार न्हाई रं बाबा." तरी नाही. गिताबाईंनी पदर पुढे धरून काय काय कबूल केलं. ऊन चढलं. लोक चुळबुळ करायला लागले, आणि गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले.

दत्ता कशात अडकलाय, हे त्या घाटावर एकट्या विश्वजीतलाच ठाऊक होतं.

तीस वर्षांपूर्वी या दोन पोरांना तेजकवचनं झपाटलं होतं. निळ्या चिलखतातला, तोंडावर लोखंडी झाकण असलेला वीर. त्याच्या चित्रकथांचे अंक दौंड स्टेशनच्या बुकस्टॉलवर मिळायचे. अंकाच्या मागच्या पानावरची बारा कुपनं टपालानं पाठवली, की तेजकवच घरी यायचा. एकट्याची बारा होईनात, म्हणून दोघांनी मिळून केली आणि वीतभर उंचीचा, भरीव रबराचा तेजकवच खोक्यातून आला. कुणी बाहुला म्हटलं की दोघं मारायला धावायचे. ते त्याला 'गडी' म्हणत. दोन्ही घरांची विहीर एक होती, पाण्याची पाळी आठ-आठ दिवसांची. पोरांनी तीच रीत गड्याला लावली. आठ दिवस माझ्याकडे, आठ दिवस तुझ्याकडे, रविवारी बाराला बदली. ज्याच्याकडे गडी नाही त्याच्याकडे नवा अंक. दत्ताची पाळी कधी घटकाभरानंही चुकली नाही.

चुकली ती विश्वजीतची. त्यानं एका रविवारी सांगितलं, "गडी हिरीत पडला." दत्ता रडला नाही, भांडला नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं, तेव्हा तो रोज विहिरीत उतरून गुडघाभर चिखल चाळायचा. विश्वजीत वरून बघायचा, आणि गडी घरी कणगीच्या मागे होता.

अजूनही तो विश्वजीतकडेच होता. शिक्रापूरच्या दोन खोल्यांत काचेचं कपाट, त्यात असल्या पन्नास-साठ वीरांची फौज, आणि मधोमध तेजकवच, शेजारी पहिल्यापासून एक्केचाळीस अंक. दत्ता दोनदा तिथं जेवायला आला होता. दोन्ही वेळा गडी लोखंडी पेटीत गेला होता. लाज वाटत नव्हती असं नाही. पण लाज वाटते म्हणून कुणी आपली सगळ्यात आवडती वस्तू देऊन टाकत नाही.

विश्वजीत उठला, पिंडांजवळ गेला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला, "दत्ता, गडी बुडाला न्हाई. माझ्याकडंच हाय." 'तो तुझा' असं म्हणायचं त्यानं ठरवलं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. पण ऐनवेळी तोंडून निघालं ते वेगळंच. "आजपासून तुझी पाळी."

पलीकडचे सगळे कावळे एकदम उठले. पहिला आला त्यानं पिंडाला चोच लावली.

बायकांनी हुंदके दिले. आबांनी विश्वजीतच्या पाठीवर हात ठेवला. "काय बोललास रं त्याला?"

"काय न्हाई आबा. असंच," विश्वजीत म्हणाला.

दुपारी घरी आला आणि काचेच्या कपाटासमोर उभा राहिला. गडी जागेवर नव्हता. त्या जागी एक अंक आडवा पडला होता. तेजकवच, अंक बेचाळीस.

आता हे होण्यासारखं नव्हतं. ती कंपनी एक्केचाळिसाव्या अंकानंतर बंद पडली होती. फुटलेल्या धरणाखाली तेजकवच अडकलेला, पाणी हनुवटीपर्यंत, आणि खाली 'क्रमशः'. तीस वर्षं तो बिचारा तसाच हनुवटीपर्यंत पाण्यात उभा होता. विश्वजीतनं बायकोला हाक मारली.

"सुलक्षणा, कपाटाला कुणी हात लावला?"

"तुमच्या त्या देवघराला कोण हात लावणार?" ती आतूनच म्हणाली. "किल्ली तुमच्या गळ्यात."

किल्ली खरंच गळ्यात होती. त्यानं अंक उघडला. तोच चित्रकाराचा हात, तेच भडक रंग, तोच खरखरीत कागद. फक्त छापखान्याचं नाव असतं ती जागा कोरी होती. आणि कागदाला वास येत होता. जुन्या पुस्तकाचा नव्हे, उन्हाळ्यात तळाला गेलेल्या विहिरीचा. घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर विश्वजीतला आनंद झाला. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि दहा वर्षांच्या पोरासारखा अधाशीपणानं वाचत सुटला. पाणी हनुवटीवरून ओठांवर आलं, पण तेजकवच जिवंत होता.

पुढच्या रविवारी बाराच्या ठोक्याला गडी परत आला आणि अंक नाहीसा झाला. त्याच्या पुढच्या रविवारी गडी गेला, त्रेचाळिसावा अंक आला.

विश्वजीतचं डोकं चालेना. तो प्लॅस्टिकच्या पार्टांच्या कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर भिंगाखाली ओरखडे शोधायचं काम. त्यानं परत आलेला गडी भिंगाखाली धरला. सांध्यांत हिरवा गाळ होता, कोरडा. छातीवरचा निळा रंग अंगठ्याएवढ्या जागी उडालेला, आणि दर खेपेला ती जागा वाढत होती. तीस वर्षं जपून ठेवलेल्या वस्तूशी कुणीतरी रोज, तासन्‌तास खेळत होतं. अंकाचे मोबाईलवर फोटो काढले, तर फोटोत नुसती कपाटाची रिकामी फळी आली. सुलक्षणाला दाखवावं म्हणून अंक तिच्या हातात दिला, तेव्हा तिनं तो उलटसुलट करून विचारलं, "कोरी वही कशाला आणलीत?"

आपल्यालाच वेड लागतंय, की बायकोला दिसत नाहीये, की हे सगळं खरंच चाललंय... कशाचाच मेळ लागेना. तरी रविवार जवळ आला, की त्याला कामावर करमत नसे. पंचेचाळिसाव्या अंकाच्या शेवटी तेजकवचनं तोंडावरच्या झाकणाची कडी सोडली. इतक्या अंकांत त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात गिताबाईंचा निरोप आला, येऊन जा. तो गेला. त्या ओसरीवर बसल्या होत्या, दोन महिन्यांत निम्म्या झालेल्या.

"विश्वा, दत्ताला कावळा शिवला ना रं?"

"शिवला की मावशी. समद्यांनी बगितला."

"मंग ह्यो का येतोय?" त्यांनी आवाज खाली घेतला. "रविवारी दुपारी. हितं, ह्या पायरीवर बसतो... पाठमोरा. दहा वर्साचा हाय. पाय चिखलानं भरल्यालं. हातात कायतरी असतं, त्याच्याशी खेळत बसतो."

विश्वजीतनं पायरीकडे बघितलं.

"मला भ्या न्हाई वाटत," गिताबाई म्हणाल्या. "माझंच लेकरू हाय. पर मी हाका मारती, त्यो वळून बगत न्हाई. माझ्याकडं बगतच न्हाई रं... कशात तरी अडकलाय. तू त्या दिशी काय बोलला हुतास त्याला?"

हीच वेळ होती. सांगून टाकायला दोन वाक्यं पुरली असती. पण विश्वजीतच्या मनात झाकणाची ती सुटलेली कडी होती. आणखी एकच अंक, चेहरा बघू, मग सोडू, असं त्यानं ठरवलं आणि त्या म्हातारीच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "काय न्हाई मावशी. नुसता नमस्कार केला." माणूस इतका हलका होऊ शकतो, हे त्याला स्वतःविषयी तेव्हा कळलं.

सेहेचाळिसावा अंक आला. तेजकवचनं झाकण काढलं होतं, पण प्रत्येक चित्रात तो पाठमोरा होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसती पाठ. संवादही नव्हते. एका चित्रात पायरी दिसत होती.

आठ दिवसांनी गडी परत आला आणि मधल्या वारी विक्रमचा फोन आला. "काकू जेवायची बंद झालीय. रविवारी दोन ताटं वाढती, आन् दिवसभर त्या पायरीकडं बगत बसती. तू सांग की तिला कायतरी. तुझं ऐकंल."

मग मात्र विश्वजीतला आपली किळस आली. त्या रविवारी बाराच्या आत, गडी आपल्या पाळीत असतानाच, त्यानं तो रुमालात गुंडाळला आणि थेट घाट गाठला. घाटावर कुणी नव्हतं. वारा नव्हता, पाणी हलत नव्हतं. दौंडच्या बाजूला झाडावर कावळे होते, पण आवाज एकाचाही नाही. तो गुडघाभर पाण्यात गेला.

"दत्ता, मी लबाड बोललो हुतो. तवाबी, आन् आत्ताबी." त्यानं रुमाल सोडला. "आता पाळी न्हाई. गडी तुझा. ह्यात माझा जेवढा वाटा हाय, तेवढा समदा सोडला... कायमचा."

बहिणीनं भावाला हक्कसोड लिहून द्यावी, तसं त्यानं ते स्वच्छ शब्दांत म्हटलं आणि गडी लांब फेकला. भरीव रबर, लगेच बुडालं. कावळे उठले आणि एका रांगेत पश्चिमेकडे गेले.

गिताबाईंकडे जायचं त्याला धाडस झालं नाही. तो घरी आला. छाती हलकी झाली होती, जरा जास्तच हलकी. कपाट उघडलं. मधली जागा रिकामी होती, अंकही नव्हता. सुटलो, असं त्याला वाटलं. सहज म्हणून त्यानं पहिला अंक हातात घेतला. चित्रं ओळखीची होती, पण हा आपण पहिल्यांदा कुठं वाचला, ते आठवेना. दौंडला कुणाबरोबर गेलो होतो? विहिरीला पायऱ्या कुठल्या बाजूला होत्या? आई आपल्याला लहानपणी काय म्हणून हाक मारायची? तो आठवायला बसला. हाताला काहीच लागेना. सगळं ऐकीव वाटत होतं, दुसऱ्या कुणाचं तरी. 'माझा वाटा समदा सोडला' म्हणताना त्यानं फक्त गडी धरला होता; वाटा तर सगळ्या लहानपणातच होता.

तेवढ्यात फोन वाजला. गिताबाईच होत्या, आणि आवाज किती दिवसांनी मोकळा होता.

"विश्वा, गेला रं माझा दत्ता! मघाशी, बाराला. उठला, वळून बगितलं माझ्याकडं. हसला. आई म्हनला... आन् गेला."

विश्वजीतला रडू फुटलं. "मावशी, माझंच चुकलं हुतं. त्यो गडी..."

"ऱ्हाऊ दे. समजलं मला," त्या मायेनं म्हणाल्या. "सुटला त्यो, बास झालं." मग जरा थांबून, "पर ह्याला कवा न्हेतोस?"

"कुणाला?"

"तुला की रं."

विश्वजीतला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. "मावशी... मी हितं शिक्रापूरला हाय."

"व्हय, त्ये कळतंय मला. पर त्यो गेल्यापासनं तू हितं पायरीवर बसलायस. एवढासा. दत्ता कुठं गेला म्हून इचारतोयस सारखा. जेवत न्हाईस, घरी जा म्हनलं तर कुठलं घर म्हनतोस..." त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला. त्यांची हाक ऐकू आली, "विश्वा, ए विश्वा! हिकडं ये. तुझा फोन हाय."

फोन ठेवावा, असं त्याला वाटलं. बोट हलेना. पलीकडे ओसरीच्या फरशीवर अनवाणी पावलं वाजली, जवळ आली, थांबली. कुणीतरी फोन हातात घेतला. धापा टाकल्यासारखा छोटा श्वास, आणि मग विश्वजीतच्याच लहानपणच्या आवाजात, जरा घाबरून विचारलेलं,

"कोण बोलतंय?"