शेवंतीकाकीचा शमनांक

केळंबे गावच्या डोंगरावरची दोनशे बारावी गोचीड रक्तमागोवा यंत्रात गेली आणि पडद्यावर पुन्हा तेच उमटलं: माकडतापाचा विषाणू नाही. डॉ. शलाका नाबर खुर्चीत मागे रेलली. काजूचा हंगाम आला की आजूबाजूच्या चारही गावांत माणसं गोचीड चावून येणाऱ्या या तापाने फणफणत. केळंब्यात मात्र तीन वर्षांत एकही रुग्ण नव्हता. त्याचं कारण शोधताना सिंधुदुर्गातल्या या छोट्याशा संशोधन केंद्राने माती, पाणी, पक्षी, पाली, सगळं पालथं घातलं होतं.

"सर, जरा दुसरा रकाना बघता?" ती म्हणाली.

केंद्रप्रमुख डॉ. खोबरेकर चष्मा कपाळावर ढकलून पुढे वाकले. गोचीड आयुष्यात तीनदाच पोटभर रक्त पिते आणि मधल्या काळात कात टाकून मोठी होते. कात टाकली तरी आधीच्या रक्ताचा अंश तिच्या पोटात उरतो. तो कोणाचा, हे यंत्राला सांगता येई. केव्हाचा, हे मात्र येत नसे.

"हे सगळं एकाच माणसाचं रक्त?"

"एकाच. लसीकरण शिबिरातल्या नमुन्यांशी ताडून पाहिलं. शेवंती धुरी."

खोबरेकर हसतच सुटले. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! शेवंतीकाकी रोज सकाळी केंद्राच्या फाटकासमोरूनच पातेरा आणायला जायची. पातेरा म्हणजे झाडाखालची वाळकी पानं. गावातल्या प्रत्येक गोठ्यात तिनेच आणलेला पातेरा अंथरलेला असे. गोचिडी राहतात त्या याच पानांत. म्हणून अंगाला गोचीडरोधक तेल लावा असं शलाका तिला तीन वर्षं विनवत होती, पण पालथ्या घड्यावर पाणी. काकी बाटली आनंदाने घ्यायची आणि सगळं तेल म्हशीला चोळायची. वर विचारायची, "तिका कोण राखतला?"

"बारा वर्षांपूर्वी काकींना माकडताप झाला होता," शलाका सांगू लागली. "त्यातून त्या वाचल्या आणि रक्तात विषाणूला मारणारी प्रतिपिंडं तयार झाली. हा त्यांचा तीन वर्षांपूर्वीचा नमुना. शमनांक अठ्ठ्याण्णव. गोचिडीने हे रक्त प्यायलं की तिच्या पोटातले शंभरातले अठ्ठ्याण्णव विषाणू जागच्या जागी मरतात."

"बाकीच्या बऱ्या झालेल्यांचा किती?"

"दहाच्या आत. यांचाच एवढा का, ते अजून कळलेलं नाही."

"आणि एका बाईने अख्खा डोंगर धुऊन काढला?"

"अख्खा नाही, माणसांच्या पायवाटा तेवढ्या. तेलामुळे म्हैस गोचिडींपासून सुटली, मग चावायला उरलं कोण? गोचिडीची पिल्लं शेकड्यांनी काकींनाच चिकटतात, रक्त पिऊन गळून पडतात आणि विषाणूशिवाय मोठी होतात."

खोबरेकरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "तिला सांगायला हवं. न सांगता तिचं रक्त असंच वापरत राहिलो, तर आपल्यात आणि गोचिडीत फरक काय?"

नवा नमुना घेऊन, तपासून मगच सांगायला हवं होतं. पण शलाकाला आनंद आवरेना. ती त्याच दुपारी शेवंतीकाकीच्या अंगणात जाऊन बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

काकीने डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

"माज्या रगतान?" तिचा विश्वास बसेना. "गो बाय, माज्या झिलाक, बाबलाक, ह्याच पातेऱ्यातली गोचीड चावली. टोपली त्याच्या खाटलेक टेकवन ठेवलंय मी. दोघांकय एकदमच ताप इलो. मी उठलंय, तो नाय उठलो. बारा वर्सां त्या टोपलेक शिव्या घालतंय."

गेलेल्या मुलासाठी ती पदरात तोंड घालून रडली. शलाकाही रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. निघताना तिने तपासणीसाठी थेंबभर रक्त घेतलं आणि सवयीने तेलाची बाटली पुढे केली.

"आता तर नकोच," काकी ताठ बसून म्हणाली. "गाव राखूक होयो मां!"

दोन दिवसांनी त्या थेंबाचा शमनांक आला: चार.

शलाकाने तीनदा तपासलं. तिन्ही वेळा चारच आला. त्याच सकाळी ओढ्यापलीकडच्या काजूच्या बागेत एक माकड मरून पडलेलं सापडलं होतं. मेलेल्या माकडाचं अंग थंड पडलं की विषाणू पोटात घेऊन त्याच्यावरच्या गोचिडी नवं रक्त शोधत पसरतात.

"तिचाच एवढा का, त्याचं उत्तर मिळालं," खोबरेकर हळूच म्हणाले. "विषाणूवाल्या गोचिडी तिला रोज चावत होत्या. दर चावा म्हणजे लसीचा एक डोस. मग तिनेच डोंगर साफ केला. विषाणू संपला, डोस थांबले. नांगर चालायचा थांबला की फाळ गंजतोच."

"म्हणजे आता त्यांना पुन्हा ताप येऊ शकतो?"

"तुझ्यामाझ्यासारखाच. या वयात दुसऱ्यांदा झेपेल असं मला वाटत नाही."

"आणि त्या तेल लावणार नाहीत. मीच त्यांना तसं वागायला कारण दिलं."

ती तेलाची बाटली घेऊन धावतच निघाली. डोंगराच्या पायवाटेवर काकी टोपली घेऊन चाललेली दिसली, नेहमीपेक्षा जरा ऐटीतच. परवा जे दिलं ते शलाकाला आज काढून घ्यायचं होतं. पण तिने काही लपवलं नाही.

काकी दगडावर बसली. "म्हणजे डोंगर साफ झालो, म्हणान माजा रगत थंड झाला?"

"हो, काकी."

"रगताक परत धार लागात?"

"विषाणूवाली गोचीड चावली तर कदाचित लागेल. पण बहुतेक त्याआधीच तुम्ही जाल."

काकी टोपलीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग तिने विचारलं, "बाय, बाबलाक ताप इल्लो, तोच मां माका?"

"तोच. एकाच टोपलीतला."

"म्हणजे बारा वर्सां तो माज्या रगतात होतो."

"त्याची आठवण होती," शलाका म्हणाली. हे ती केवळ समजूत घालायला बोलली नव्हती. प्रतिपिंडं म्हणजे रक्ताने धरून ठेवलेली आजाराची आठवणच असते.

"आणि आता गेली?"

"सगळी नाही. शंभरातली चार उरलीय."

शेवंतीकाकीने टोपली बाजूला सरकवली, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि हात पुढे केले.

"चार? मगे ती माज्याबरोबर ऱ्हवांदेत. मी ऱ्हवलंय तर ती ऱ्हवतली. लाव तुजा तेल."

शलाकाने बाटलीचं झाकण उघडलं आणि काकीच्या मनगटापासून सुरुवात केली.