बारा जणांचं सुतक

ईराला जाऊन नऊ दिवस झाले होते आणि तिच्या आईला सपाटून भूक लागत होती.

सानिका कोळेकर ओट्यापाशी उभ्या उभ्या पिठलं-भाकरी खात होती. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा प्रसाद भिंतीला टेकून बसला होता. एकोणीस वर्षांची पोर साधा ताप म्हणून दवाखान्यात गेली आणि चौथ्या दिवशी संपली. तेव्हापासून प्रसादने अन्नाला धड हात लावला नव्हता. आत्ता तो पाणी प्यायला म्हणून आत आला आणि बायकोच्या ताटाकडे बघत राहिला.

"तू आई आहेस का गं तिची?" त्याने विचारलं.

सानिकाला वाईट वाटलं, पण थोडंच, शेजारच्या घरातलं भांडण कानावर यावं तेवढं. असं का होतंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या कानामागे, कातडीखाली, हरभऱ्याच्या डाळीएवढी एक चकती होती.

मिरजेत दवाखाने उदंड, आणि त्यांत एकटी मरणारी माणसंही उदंड. ज्यांचं कुणी नाही, किंवा आहेत ते फिरकत नाहीत, अशांच्या उशाशी शेवटपर्यंत बसायचं काम 'सोबत' ही संस्था करी. सानिका तिची प्रमुख; तिला धरून संस्थेत माणसं बारा. काम पुण्याचं खरं, पण पुण्याने झोप लागत नाही. दोन-तीन वर्षांत कार्यकर्ता आतून पिचून जाई. कुणी काम सोडे, कुणी बोलणंच सोडे, आणि एका मुलीने तर जीव दिला होता. समुपदेशक नेमून झाले, सहली काढून झाल्या. शेवटी, २०५८ साली, डॉ. ओजस शेटे 'समभार' घेऊन आले.

समभारामागचं तत्त्व सोपं होतं. बारा भांडी तळाशी नळ्यांनी जोडली आणि एकात पाणी ओतलं, तर सगळ्यांतली पातळी सारखी होते. दुःखाचीही मेंदूत एक विद्युतलय असते. चकती ती लय ओळखते, जोडलेल्या बाकीच्या अकरा मेंदूंत थोडी थोडी उमटवते आणि तेवढीच मूळ मेंदूतून उतरवते. नुसती उतरवली तर ती दुपटीने परत येते, हा जुन्या औषधांचा अनुभव होता. दुसऱ्या कुणीतरी ओझं खरोखर उचललं, तरच पहिला मेंदू ते सोडतो. सांगितल्याने मन हलकं होतं हे आपल्या आज्यांना माहीत होतंच; शेट्यांनी ते मोजलं, इतकंच. आठवणी ज्याच्या त्याच्यापाशी राहत, जड वाटणं तेवढं वाटलं जाई. दोन वर्षांत 'सोबत'मधलं एकही माणूस मोडलं नव्हतं.

एक पथ्य मात्र होतं. घरचं दुःख समभारात आणायचं नाही. घरी काही घडलं की रजेचा अर्ज द्यायचा. अर्ज नोंदला की त्या माणसाची चकती बंद. सानिकाने अर्ज लिहून दवाखान्यातच समीरभाई मुजावरांच्या हातात दिला होता. समीरभाई संस्थेतले सगळ्यांत जुने. त्यांनी तो नोंदलाच नाही.

"का हो असं केलंत?" सानिकाने त्यांना विचारलं, तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते.

"ताई, पंधरा वर्षं आपण एकच शिकलो. कुणाला एकटं टाकायचं नाही. मग तुम्हालाच टाकायचं होय? आम्ही अकरा जणांनी बसून ठरवलं आणि अर्ज माझ्या खिशात ठेवला." त्यांनी बाहीला डोळे पुसले. "पोरीला मी दोनदा पाहिलं असेन. आता भाजी घ्यायला गेलो तरी छाती भरून येते. बायको विचारते, कोण होती ती तुमची?"

दुसऱ्या कुठल्याही कचेरीत अर्ज मुकाट्याने नोंदला गेला असता. ही चूक करायला हीच माणसं हवीत.

प्रसाद रोज संध्याकाळी समीरभाईंकडे जाऊ लागला. दोघं ओसरीवर बसून ईराचं नाव घेत आणि हमसून रडत. घरी न मिळणारी सोबत त्याला तिथे मिळाली. आपलं दुःख आपल्याला मिळालं तर नवराही परत मिळेल, एवढंच आता सानिकाला दिसत होतं. ती शेट्यांकडे गेली.

"माझं मला परत द्या, डॉक्टर."

"ताई, बारा भांड्यांतलं कुठलं पाणी कुणाचं, ते कसं सांगू?"

"मग चकत्या बंद करा."

"केल्या तरी ज्याच्याकडे जे आहे ते त्याच्याकडेच राहणार. आठवडाभरात ही लय मेंदूत मुरते. लागलेल्या दह्याचं दूध कसं होणार?"

शेट्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. त्यांनाही हे सांगणं जड जात होतं.

"दुःख आठवणींना धरून विझतं. आई लेकराचे कपडे आवरते, फोटो बघते, रडते, मग हळूहळू थोडं निवतं. या अकरा जणांपाशी ईराच्या आठवणीच नाहीत. विझायला वाटच नाही, म्हणून ते वाढतंय. तिघांनी अंथरूण धरलंय. परवा समीरभाई रेल्वेच्या पुलावर उभे होते, लोकांनी ओढून आणलं. एक इंजेक्शन आहे. त्याने ही मुरलेली लय पुसली जाते."

"आणि पुसलेलं दुःख कुठे जातं?"

"कुठेच नाही. ते उरत नाही."

"मलाही नाही मिळणार?"

"नाही. त्या अकरा जणांचं म्हणणं आहे की ताईंनी सही केली तरच टोचून घेऊ. पोर तुमची आहे."

प्रसादची एकुलती एक सोबत या सहीने जाणार होती, हे सानिकाला कळत होतं. तिला त्या जीव दिलेल्या मुलीची आई आठवली, आणि रेल्वेचा पूलही. तिने सही केली. हात कापला नाही. कापायला हवा होता, असं मात्र वाटून गेलं.

चार दिवसांनी प्रसाद समीरभाईंकडून लवकर परत आला आणि चप्पल न काढताच कॉटवर बसला.

"काय झालं?"

"काही नाही. 'या' म्हणाले, चहा केला. फार वाईट झालं म्हणाले, देवाची मर्जी म्हणाले. चांगलं बोलले गं. गल्लीतले लोक बोलतात तसं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आता तिच्यासाठी रडणारा मी एकटाच राहिलो."

सानिका त्याच्याजवळ जाऊन बसली. तिने त्याचा हात हातात घेतला आणि ईराला आठवू लागली. पहिलं पाऊल, दुधाचे दात, दहावीच्या निकालाच्या दिवशी घातलेला गोंधळ, दवाखान्यातला शेवटचा श्वास. एकूण एक लख्ख आठवलं. आता रडू येईल म्हणून ती वाट बघत राहिली. प्रसादही तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. बऱ्याच वेळाने त्याने आपला हात सोडवून घेतला.