भरलेली भेग

पेणच्या रामवाडीतल्या आमच्या वर्कशॉपमधून मी आणि ड्रायव्हर काळू टेम्पोने रोह्याला निघालो, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. लख्ख ऊन होतं. मागे लाकडी पेटीत बारा ब्रॅकेट होते, यंत्राचे भाग पेलणारे धातूचे आधार. चौऱ्याण्णव सालची गोष्ट.

ते ब्रॅकेट लष्कराच्या अवजड हेलिकॉप्टरचे. आठ पात्यांचं धूड, पोटात अख्खा ट्रक मावतो, असं शेठ सांगायचे. ज्या देशात ते बनलं तो देशच फुटला, सुटे भाग येईनात, म्हणून काही कामं आमच्यासारख्यांकडे आली होती.

मी पेणजवळच्या जोह्याचा. आठवीत शाळा सोडून आधी गणपतीच्या कारखान्यात लागलो होतो. तिथे मूर्तीच्या हाताला तडा गेला, की लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, रंग द्यायचा. मूर्ती पुन्हा नवी. आदल्या दिवशी एक ब्रॅकेट माझ्या हातून पडला आणि त्याला केसाएवढी भेग गेली, तेव्हा मी तेच केलं. कुणाला कळलं नाही. काम सफाईदार म्हणून शेठनी उलट पाठ थोपटली. ते आठवलं की अजून मान वर होत नाही.

वाटेत खांब गावी काळू चहाला उतरला. मी पेटीपाशी बसून राहिलो.

आधी वास आला, जळक्या तेलाचा. मग वरून आवाज. धप्... धप्... धप्... आभाळ रिकामं होतं. पण रस्त्याकडेचं भात वरून वाऱ्याने दाबल्यासारखं जमिनीला टेकलं होतं, आणि पलीकडच्या बांधावरचं गवत हलतही नव्हतं.

मग पेटीतून कुणीतरी हळू आवाजात मोजू लागलं.

"सतरा... अठरा... एकोणीस..."

जरा थांबून, दमल्यासारखं, "वीस."

काळू आला तेव्हा सगळं शांत होतं. भात पुन्हा उभं होतं.

"काय रे, तोंड का पडलंय? चहा नाय आणला म्हणून?"

"काळूदादा, एक ब्रॅकेट फुटका हाय. मीच लांबी भरली..."

"आणि आता सांगतोस व्हय? शेठ दोघांनाही हाकलेल. गप ऱ्हा."

रोह्याच्या गोदामात रघूभाऊ माल तपासून घ्यायचे. त्यांनी अकरा ब्रॅकेट बाजूला ठेवले. बारावा उचलला, फिरवून बघितला आणि तोही ठेवला. पास. काळूने माझा पाय दाबला.

"भाऊ..." मी म्हणालो. पुढचं सगळं जमिनीकडे बघत सांगितलं.

त्यांनी कानशीच्या टोकाने लांबी उकरली. भेग उघडी पडली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सांगितलंस ते बरं केलंस," एवढंच म्हणाले. "हा लागणार त्या हेलिकॉप्टरात वीस माणसं बसणार होती."

मग कपाटातून फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. अर्धा जळून काळा पडलेला.

"भेग लपवली की काय होतं ते बघ. परदेशात डोंगरावर असंच एक हेलिकॉप्टर पडलं होतं, त्यातला हा. तेव्हा तू चड्डीत फिरत असशील."

त्या तुकड्याच्या भेगेतही लांबी होती. मी बोट लावलं.

ओली होती, कालच भरल्यासारखी.